दर रात्री पावणेदोनला जाग: खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतरची झोप आणि दुखणे, एक प्रकरण अभ्यास

शस्त्रक्रियेला सहा दिवस झाले होते. जखम कोरडी, ताप नाही, बोटे व्यवस्थित हलत होती. तपासणीत नाव ठेवायला जागा नव्हती. तरीही रुग्ण सहा रात्रींत पलंगावर एकदाही सलग दोन तास झोपलेल्या नव्हत्या आणि घरच्यांची एकच मागणी होती: आणखी जोराची गोळी द्या, नाहीतर झोपेची तरी द्या. गोळी वाढवायची, की आधी रात्र तासातासाने उलगडून बघायची, हाच या प्रकरणातला खरा प्रश्न.

हे प्रकरण कोणा एका व्यक्तीचे नाही. या शस्त्रक्रियेनंतर पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एका रुग्णाभोवती गुंफल्या आहेत. औषधांचे आकडे याच रुग्णाचे वय, वजन आणि इतर आजार धरून ठरलेले आहेत. दुसऱ्या कोणी ते स्वतःला लावून घेऊ नयेत. आपले प्रमाण आपल्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

रुग्णाची माहिती

वय ५८, शिक्षिका, उजव्या हाताने काम करणाऱ्या. वजन ७८ किलो, उंची १५८ सेंटिमीटर, म्हणजे बीएमआय (उंचीच्या तुलनेत वजनाचे माप) ३१. उच्च रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन चालू, मधुमेह नाही. यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या शस्त्रक्रियेआधी सामान्य. मद्यपान नाही. मुलीने सहज सांगितलेली एक गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरली: त्या झोपेत जोरात घोरतात आणि मधूनच श्वास अडकल्यासारखा वाटतो.

उजव्या खांद्यातल्या रोटेटर कफपैकी (खांद्याभोवतीच्या चार स्नायूंचा गट) सुप्रास्पायनेटस या स्नायूचा टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) हाडापासून सुमारे २ सेंटिमीटर सुटला होता. दुर्बिणीतून, हाडात अँकर (टाके धरून ठेवणारी बारीक खुंटी) बसवून तो पुन्हा शिवला. बायसेप्सच्या (दंडाच्या पुढच्या स्नायूच्या) टेंडनला हात लावलेला नव्हता. शस्त्रक्रियेआधी पाच महिने त्या रात्री दुखण्याने उठतच होत्या. ही बाब बहुतेक वेळा नोंदवलीच जात नाही. रोटेटर कफ फाटलेल्या माणसाची झोप शस्त्रक्रियेच्या आधीच बिघडलेली असते. अंथरुणावर पडले की दुखणार, ही धास्ती शरीराच्या अंगवळणी पडलेली असते आणि शिवलेला टेंडन ती सवय आपोआप पुसत नाही.

पहिली रात्र कुठे बिघडली

सकाळी साडेनऊला मानेच्या बाजूला, खांद्याकडे जाणाऱ्या नसांभोवती भूल दिली होती. या इंटरस्केलीन ब्लॉकमुळे खांदा आणि हाताचा बराचसा भाग बधिर होतो आणि एकदाच दिलेल्या इंजेक्शनचा परिणाम, वापरलेल्या औषधानुसार, साधारण ८ ते १८ तास टिकतो. त्या संध्याकाळी घरी आल्या तेव्हा हात लाकडासारखा बधिर होता आणि दुखणे शून्य. रात्री आठची गोळी त्यांनी घेतलीच नाही. "दुखत नाही, तर गोळी कशाला?" हा विचार कोणाच्याही मनात येईल, पण नेमका तोच महागात पडतो.

रात्री अडीचला ब्लॉक उतरला. तो हळूहळू उतरत नाही. अर्ध्या-एक तासात दुखणे शून्यावरून ९ वर गेले (० म्हणजे अजिबात नाही, १० म्हणजे असह्य). तेव्हा घाईने घेतलेली गोळी लागू पडायला जवळपास तास गेला. रिकाम्या पोटी घेतल्याने उलटी झाली. भेदरून जागून काढलेल्या त्या रात्रीनंतर झोपायची वेळ जवळ आली की त्यांच्या पोटात गोळा येऊ लागला.

पहिल्या रात्रीचा नियम म्हणून अगदी सरळ आहे. ब्लॉक किती तास टिकेल हे भूलतज्ज्ञांना घरी निघण्याआधी विचारावे. दुखत नसले तरी सांगितलेली गोळी झोपण्याआधी, थोडे खाऊन घ्यावी. बोटांत मुंग्या येऊ लागल्या की भूल उतरायला लागली असे समजावे. हात बधिर असेपर्यंत तो नेहमी झोळीत ठेवावा. कोपर कुठे दाबले जाते आहे, बर्फाने कातडी पोळते आहे का, हे त्या हाताला कळतच नाही. ब्लॉकच्या बाजूची पापणी थोडी उतरणे, आवाज घोगरा होणे, खोल श्वास घेताना अपुरे वाटणे ही त्याच ब्लॉकची तात्पुरती लक्षणे असू शकतात आणि भूल उतरली की जातात. मात्र धाप वाढत असेल तर वाट पाहू नये, लगेच डॉक्टरांना गाठावे.

सहाव्या दिवशीची रात्र, तासातासाने

"किती दुखते?" या प्रश्नाला उत्तर मिळाले, "खूप." त्यावरून काहीच ठरवता येत नाही. म्हणून मागच्या दोन रात्री घड्याळ धरून विचारल्या: किती वाजता जाग आली, नेमके कुठे दुखत होते, दुखणे कसे होते, आणि मग काय केले?

रात्री अकराला आडव्या. सव्वाबाराला पहिली जाग. तेव्हा खांदा नव्हे तर मान आखडलेली, आणि करंगळी व तिच्या शेजारच्या बोटात मुंग्या. पावणेदोनला दुसरी जाग. खांद्यात खोलवर ठणका, हात कसाही ठेवला तरी तेवढाच. साडेतीनला तिसरी, अंग हलवताच खांद्याच्या पुढच्या बाजूला तीव्र कळ, उशा खाली सरकलेल्या. मग वैतागून उठून खुर्चीत बसायचे, आणि तिथेच साडेपाचपर्यंत डोळा लागायचा.

तीन वेळा जाग, तीन वेगळी दुखणी. तिन्हींना "खांदा दुखतो" म्हटले की उपाय एकच सुचतो, तो म्हणजे गोळी वाढवणे. प्रत्यक्षात तिन्हींची कारणे वेगळी होती आणि जोराच्या गोळीने त्यातली दोन झाकली गेली असती, मिटली नसती. शेवटची ओळ तर फार बोलकी होती: ज्या बाईंना पलंगावर झोप येत नाही, त्यांना खुर्चीत दोन तास झोप लागते. शरीराने उपाय आधीच शोधला होता.

पावणेदोनचा ठणका: गोळ्यांमधले बारा तास

कागदावर ट्रामाडॉल (अफूच्या वर्गातले जोराचे वेदनाशामक) ३७.५ मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम अशी एकत्रित गोळी दिवसातून तीन वेळा, जेवणानंतर, अशी लिहिलेली. त्या सकाळी आठला, दुपारी दोनला आणि रात्री आठला घेत होत्या. सोबत पाच दिवसांसाठी सूज उतरवणारी एक गोळी होती. आम्लपित्त झाले म्हणून ती त्यांनी दुसऱ्याच दिवशी बंद केली आणि कोणाला सांगितले नाही.

हिशेब करून बघा. या गोळीचा परिणाम चार ते सहा तास टिकतो. आठची गोळी एक-दोनच्या सुमारास संपते. पुढची सकाळी आठला. म्हणजे दिवसातले सर्वांत दुखरे सहा-सात तास औषधाविना. "तीन वेळा, जेवणानंतर" हे वाक्य दिवसासाठी ठीक आहे, पण त्यात रात्र बाराच तासांची मोकळी राहते. शिवाय दिवसभरात पोटात जाणारे पॅरासिटामॉल फक्त ९७५ मिलिग्रॅम होते. पाया इतका कच्चा असताना वरची जोराची औषधे वाढवून काय होणार?

रात्री दुखणे वाढण्याला औषधाच्या या खिंडारापलीकडेही कारणे आहेत. आडवे पडल्यावर खांद्यातली सूज आणि दाब जाणवू लागतो. सूज आटोक्यात ठेवणारे शरीरातले कॉर्टिसॉल मध्यरात्रीच्या आसपास सर्वांत कमी असते. दिवसा बोलण्या-चालण्यात मन गुंतते, रात्री ते एकट्या खांद्यावर येऊन बसते. आणि अपुरी झोप स्वतःच दुखण्याची जाणीव तीव्र करते. कालच्या जागरणाने आजचा खांदा जास्त दुखतो, त्याने आज पुन्हा जागरण. हे चक्र एका ठिकाणी तोडले तरी बाकीचे सैल पडते.

सर्जनने सहाव्या दिवशी अशी फेररचना केली. एकत्रित गोळी बंद, कारण तिच्यातले पॅरासिटामॉल लक्षात न आल्याने एकूण प्रमाण ओलांडले जाण्याचा धोका असतो. तिच्याऐवजी साधी पॅरासिटामॉल, ५०० च्या दोन गोळ्या, पहाटे ५, सकाळी ११, संध्याकाळी ५ आणि रात्री ११ वाजता, एक आठवडा. हे दिवसाला ४ ग्रॅम झाले. निरोगी प्रौढासाठी ही कमाल मर्यादा आहे. वजन ५० किलोपेक्षा कमी असेल, यकृताचा त्रास असेल किंवा नियमित मद्यपान असेल तर मर्यादा याहून बरीच खाली येते. सर्दी-तापाच्या अनेक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते, म्हणून घरातल्या सगळ्या पाकिटांवरचे घटक मुलीकडून वाचून घेतले आणि ती पाकिटे बाजूला काढली.

अकरा आणि पाच या वेळा मुद्दाम निवडल्या. झोपताना घेतलेली गोळी पहाटेपर्यंत साथ देते आणि पाचची गोळी सकाळच्या हालचालीआधी लागू पडते. पहिल्या तीन रात्री पाचचा गजर लावला. गोळ्या, पाणी आणि दोन बिस्किटे हाताशी, तीही डाव्या बाजूला. उजवीकडे ठेवली की अर्धवट झोपेत उजवा हातच पुढे जातो. चौथ्या रात्रीपासून गजर बंद. गाढ झोपलेल्या माणसाला फक्त गोळीसाठी उठवू नये. जाग येईल तेव्हा घ्यावी आणि पुढच्या वेळा तेवढ्याच पुढे सरकवाव्यात.

ट्रामाडॉल ५० मिलिग्रॅमची सुटी गोळी राखीव म्हणून दिली: पॅरासिटामॉल घेऊन, हात नीट मांडूनही दुखणे ६ च्या वर राहिले तरच, आणि २४ तासांत दोनपेक्षा जास्त नाही. ती चार रात्री लागली, नंतर नाही.

सूज उतरवणारे औषध या रुग्णाला पुन्हा सुरू केले नाही. टेल्मिसार्टनसोबत ते घेतल्यास रक्तदाब चढू शकतो आणि मूत्रपिंडावर ताण येतो. त्यात आम्लपित्त होतेच. शिवाय हाडाला शिवलेला टेंडन जुळून येण्यावर या औषधांचा काय परिणाम होतो याबद्दल सर्जनांमध्ये मतभेद आहेत. ज्यांना अशी अडचण नाही त्यांच्यासाठी थोडे दिवस, जेवणानंतर घेतलेले हे औषध पॅरासिटामॉलचा चांगला जोडीदार ठरते आणि ट्रामाडॉलची गरज कमी करते.

झोपेची गोळी मात्र स्पष्टपणे नाकारली. घोरणे, झोपेत श्वास अडकणे, जास्त वजन, आणि त्यात ट्रामाडॉल. अशा वेळी झोपेची गोळी दिली तर श्वास धोकादायकरीत्या मंदावू शकतो. बिनचिठ्ठीची, सर्दीवरची गुंगी आणणारी औषधेही या वयात सुरक्षित नसतात. त्यांनी गोंधळ उडतो, लघवी अडते, आणि रात्री उठताना तोल जातो. शिवलेल्या खांद्यावर पडणे हे या सगळ्या प्रवासातले सर्वांत मोठे नुकसान आहे. म्हणून पलंगापासून न्हाणीघरापर्यंत मंद दिवा रात्रभर चालू ठेवला आणि वाटेतली पायपुसणी उचलली.

ट्रामाडॉलने चार दिवस शौचाला झाली नव्हती. कुंथताना सगळे अंग ताठते आणि कळ खांद्यात जाते. रेचक पहिल्या दिवसापासूनच द्यायला हवे होते. ते सुरू केल्यावर दोन दिवसांत हा त्रास संपला.

साडेतीनची कळ: कोपर कुठे गेले?

उताणे झोपल्यावर खांदा गादीवर टेकतो, पण कोपर टेकायला आणखी खाली जावे लागते. हात मागे पडतो, दंडाच्या हाडाचे डोके पुढे ढकलले जाते आणि खांद्याच्या पुढच्या भागावर आणि ताज्या टाक्यांवर ओढ येते. झोळी असली तरी हे होते, कारण झोळी हाताला छातीजवळ धरते, कोपराला खालून उचलत नाही. झोपेत स्नायू सैल पडले की हाताचे सगळे वजन त्या ओढीत जाते. त्यात अंग हलले की कळ.

खूण सोपी आहे. झोपल्या जागी, मान न उचलता, फक्त नजर वळवून स्वतःचे कोपर दिसले पाहिजे. दिसत नसेल तर ते मागे गेले आहे.

पलंगाची मांडणी मुलीकडून करून घेतली आणि दोनदा उतरवून पुन्हा करायला लावली, म्हणजे रात्री अंधारातही जमेल. सुरुवात पाठीच्या टेकूपासून. नुसत्या डोक्याखाली उशा चढवल्या तर मान पुढे वाकते आणि कंबर पोकळ राहते. या रुग्णाच्या मानेच्या आखडण्याला हेही एक कारण होते. टेकू कमरेपासून सुरू व्हायला हवा. ६० सेंटिमीटर लांबीच्या टेकूचे वरचे टोक ३८ ते ४० सेंटिमीटर उंच केले की कोन सुमारे ४० अंशांचा होतो. बसताना कुल्ले टेकूच्या मुळाशी पूर्ण भिडवायचे. मध्ये चार बोटांची फट राहिली तरी पहाटेपर्यंत माणूस घसरतो. गुडघ्यांखाली जाड लोड, तो या घसरण्याला आडकाठी करतो. साडेतीनला उशा सरकण्याचे कारण हा लोड नसणे, एवढेच होते.

मग हात. सुती टॉवेल दुमडून ८ ते १० सेंटिमीटर जाडीची घडी करायची आणि ती दंडाच्या खालच्या अर्ध्या भागाखाली व कोपराखाली सरकवायची. खांद्याखाली नाही; तिथे ठेवली तर खांदा वर उचलला जातो आणि कोपर तसेच लटकते. पुढचा हात आणि मनगट पोटावर ठेवलेल्या मऊ उशीवर. झोळीसोबत आलेली काखेतली उशी रात्रीही काढायची नाही. शेवटी उजव्या बाजूला, पाठीमागे एक लोड अडवून लावला. शस्त्रक्रियेआधी त्या उजव्या कुशीवर झोपायच्या, आणि झोपेत शरीर जुन्या सवयीकडे वळतेच.

सगळे झाल्यावर मुलीने खांदा आणि मान यांच्या मधला मांसल भाग बोटांनी दाबून पाहायचा. तो मऊ लागला तर हाताचे वजन उश्यांनी घेतले आहे. ताठ लागला तर रुग्ण अजून स्वतःच हात धरून आहे, आणि तसा धरून कोणालाच झोप येत नाही. पहिल्या रात्री तो ताठच होता. कोपराखालची घडी दोन सेंटिमीटरने वाढवल्यावर सैल पडला.

उठतानाही तेवढीच काळजी. गुडघे वाकवायचे, डाव्या कुशीकडे वळायचे, पाय पलंगाखाली सोडायचे आणि डाव्या हाताने रेटा देऊन बसायचे. उजव्या हाताने गादीला रेटा देणे कटाक्षाने टाळायचे. कोणी मदत करत असेल तर त्याने पाठीला हात द्यावा. उजवा दंड धरून उठवू नये.

सव्वाबाराच्या मुंग्या: झोळीचा पट्टा

झोळीत कोपर मागच्या शिवणीपर्यंत गेलेले नव्हते, त्यामुळे मनगट बाहेर लोंबत होते आणि हात कोपरापेक्षा खाली होता. पट्टा मानेवर रुतत होता. कोपर बराच काळ वाकलेले आणि आतल्या बाजूने दाबलेले राहिले की तिथून जाणाऱ्या अल्नर नसेवर ताण येतो. करंगळी आणि अनामिकेत मुंग्या ही तिची ओळख.

कोपर मागे नेऊन बसवले, मनगट पूर्ण आत घेतले, पट्टा एवढा आखडला की हात कोपराच्या पातळीत किंवा किंचित वर राहील. मानेपाशी मऊ कापडाची घडी घातली. दिवसातून पाच-सहा वेळा, दंड अंगाला टेकवून, झोळीतून हात काढून कोपर सावकाश सरळ करायचे आणि वाकवायचे, मूठ उघड-मीट करायची. बायसेप्स टेंडनवर काम झालेले असते तर स्वतःच्या ताकदीने कोपर वाकवायला परवानगी नसती. म्हणून हा व्यायाम सर्जनला विचारूनच. दुसऱ्या रात्रीपासून सव्वाबाराची जाग बंद झाली. तीनपैकी हे दुरुस्त करायला सर्वांत सोपे होते आणि गोळीने कधीच दुरुस्त झाले नसते.

दिवसाने बिघडवलेली रात्र

लोंबत्या हाताचे झोके सर्जनने दुसऱ्या दिवसापासून सांगितले होते. मुलगी रात्री साडेआठला घरी आल्यावर ते व्हायचे, म्हणजे झोपेच्या तोंडावर खांदा चाळवला जायचा. शिवाय करून दाखवायला सांगितल्यावर दिसले की त्या खांद्याच्या स्नायूंनी हात फिरवत होत्या. या व्यायामात हात दोरीसारखा सैल सोडायचा असतो. डावा हात टेबलावर टेकवून, पुढे वाकून, कंबर आणि पाय हलवायचे आणि त्या हेलकाव्याने हात आपोआप झुलला पाहिजे. हातात ताकद लागत असेल तर झोका चुकला. वेळा बदलून साडेअकरा आणि साडेपाच केल्या, म्हणजे पॅरासिटामॉल घेतल्यानंतर अर्ध्या तासाने.

बर्फ लावायला विसरत नव्हत्या, पण तो ठेवूनच झोपी जायच्या. कातडीवर लालसर चट्टा उठला होता. बर्फ आणि कातडी यांच्यात कोरडे कापड, एका वेळी १५ मिनिटे, मध्ये निदान दोन तास, आणि झोपण्याआधीची शेवटची वेळ सव्वादहा. पट्टी ओली होऊ द्यायची नाही.

दिवसाची झोप मात्र कमी करणे जड गेले. सकाळी दीड तास आणि संध्याकाळी चार ते सहा अशी तीन-साडेतीन तासांची झोप होत होती. थकलेल्या माणसाला "झोपू नका" म्हणणे निष्ठुर वाटते, पण संध्याकाळची झोप रात्रीच्या झोपेतून वजा होते. दुपारी दोनच्या आत अर्धा तास, तीही टेकून, एवढी ठेवली. सकाळी उठण्याची वेळ सहा, रात्र कशीही गेली तरी. सकाळी अर्धा तास उजेडात बसणे. चहा-कॉफी दुपारी बारानंतर नाही. रात्री वीसेक मिनिटे तळमळत गेली की पलंगावर पडून न राहता खुर्चीत, हाताला आधार देऊन बसायचे. पेंग आली की परत. निद्रानाशावरच्या वर्तन उपचारात पलंगावरचा वेळ मुद्दाम कमी करण्याचीही पद्धत आहे, पण ताजी शस्त्रक्रिया आणि संशयित श्वास-अडथळा असताना ती वापरली नाही.

पुढचे आठवडे

नवव्या दिवशी रात्री जाग येणे तीन वेळांवरून दोनवर आले. चौदाव्या दिवशी सर्वांत लांब सलग झोप साडेचार तासांची. पॅरासिटामॉल तेव्हा ३ ग्रॅमवर आणले: सकाळी ७, दुपारी ३, रात्री ११. कमी करताना रात्रीची मात्रा सर्वांत शेवटी जाते. दिवसाच्या आधी काढायच्या.

तिसऱ्या आठवड्यात घसरण झाली. बरे वाटले म्हणून रात्रीची गोळी त्यांनी स्वतःच बंद केली आणि त्याच दिवशी कपाटातली कागदपत्रे उजव्या हाताने लावली, "झोळीत असतानाच तर" म्हणून. दोन रात्री पुन्हा जागरण. टेंडन हाडाला धरायला आठवडे लागतात आणि दुखणे त्याआधीच ओसरते, त्यामुळे दुसरा ते सहावा आठवडा हा सर्वांत फसवा काळ. कमी दुखणे म्हणजे हात वापरायची परवानगी नव्हे.

चौथ्या आठवड्यापासून टेकू उतरवायला घेतला. एकदम सपाट झोपायचा प्रयत्न एका रात्री करून पाहिला आणि तो फसला. मग ६० सेंटिमीटरच्या टेकूचे टोक ३० सेंटिमीटर (३० अंश), मग २०, मग १०, दर टप्प्यावर तीन-चार रात्री. कोपराखालची घडी शेवटपर्यंत तशीच.

सहाव्या आठवड्यात झोळी निघाली आणि दुखणे थोडे वाढले. हे अपेक्षित असते, कारण इतके दिवस आधाराने राहिलेल्या हाताचे वजन आता खांद्याला पेलायचे असते. हे आधी सांगून ठेवले होते म्हणून घाबरणे झाले नाही. आठव्या आठवड्यात सर्जनच्या परवानगीने डाव्या कुशीवर झोपणे सुरू झाले. छातीपुढे जाड लोड, त्यावर उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत टेकलेला, म्हणजे तो पुढे लोंबकळून खांदा ओढणार नाही. झोपेच्या श्वास-अडथळ्याची तपासणीही याच सुमारास करून घ्यायला पाठवले.

या सगळ्या काळात कोणती लक्षणे दिसताच उश्या-गोळ्यांचा विचार सोडून रुग्णालय गाठायचे, हे घरच्यांना लिहून दिले होते: ३८.५ अंश सेल्सिअसच्या वर ताप, जखमेतून पू किंवा पसरत जाणारी लाली, छातीत दुखणे किंवा धाप, पोटरीला सूज, हात थंड किंवा निळा पडणे, ब्लॉक उतरून जायला हवा तेव्हाही राहिलेला बधिरपणा, पडणे किंवा अचानक 'कट्' आवाज होऊन ताकद जाणे. हाताचा पंजा सुजून, रंग बदलून, स्पर्शही सहन न होणारी आग होत असेल तर तेही लवकर दाखवायचे. खांद्यातला जंतुसंसर्ग कधी कधी तापाशिवाय, कित्येक आठवड्यांनी, नुसत्या वाढत्या दुखण्याने आणि आखडण्याने समोर येतो. म्हणून आठवड्यागणिक कमी होणारे दुखणे मध्येच दिशा बदलून वाढू लागले तर ते अंगावर काढायचे नाही.

सांधा बदललेल्या रुग्णांना ही पलंगाची मांडणी बहुतांशी चालते, पण त्यांच्यात पुढचा सबस्कॅप्युलॅरिस स्नायू कापून शिवलेला असू शकतो. हात बाहेरच्या बाजूला वळू न देणे आणि हाताने रेटा न देणे हे निर्बंध त्यांना अधिक कडकपणे पाळावे लागतात.

बाराव्या आठवड्यात त्या रात्री सहा-साडेसहा तास, बहुधा एकदाच जाग येऊन, झोपत होत्या. गोळी आठवड्यातून एखाद-दुसरी. पूर्वीसारखी झोप यायला अनेकांना तीन ते सहा महिने लागतात, त्यामुळे ही गती चांगलीच. मात्र आता डावा खांदा दुखू लागला होता. रात्रभर एकाच कुशीवर, तेही हलायच्या भीतीने न वळता झोपल्याचा हा परिणाम. डोक्याखालची उशी खांद्याच्या रुंदीएवढी उंच केली, डावा खांदा अंगाखाली दबू न देता किंचित पुढे काढून घ्यायला शिकवले, आणि रात्रीचा पहिला भाग उताणे, कोपराखाली घडी ठेवून, असे ठरवून दिले. उजव्या कुशीवर झोपायची परवानगी त्यांना अजून नाही. पुढच्या तपासणीत हाताची ताकद आणि हालचाल पाहून सर्जन ती ठरवतील.